थरथर सामान्य मर्यादेत

देवस्थान विणकर मंडळ, वडगाव, बेळगाव, यांच्या दप्तरी असलेली नोंद पुढीलप्रमाणे. नाव: सुबराव. वडिलांचे नाव: रवळू, मयत. वय: त्रेसष्ट पूर्ण. धंदा: ताणा सांधणे. भाषा: मराठी व कानडी, दोन्हींत तक्रार करता येते. बांधा किरकोळ. डोळे दोन, पैकी डाव्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याच्या पेरावर राखेचा न निघणारा डाग. दोन्ही हात सुस्थितीत. थरथर सामान्य मर्यादेत. सबब सदर इसम देवीच्या ताण्यास हात लावण्यास पात्र आहे.

नोंद आण्णाप्पांच्या हातची आहे. आण्णाप्पा मंडळाचे अध्यक्ष. त्याआधी छत्तीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत कारकून होते, आणि निवृत्तीनंतर लिहायला फाईल उरली नाही म्हणून त्यांनी मंडळाला दप्तर सुरू करून दिलं. माणसाची थरथर दप्तरी नोंदवून घेणारं दुसरं मंडळ जिल्ह्यात नसावं. ती नोंदवण्याची वेळ आली, त्याचं कारण मात्र वेगळ्या घरात राहतं. त्याचं नाव यल्लाप्पा.

आधी धंदा सांगायला हवा. मागावरचा ताणा, म्हणजे उभ्या तारा, विणून संपत आल्या की नवा ताणा आणून जुन्याच्या शेपटाला जोडतात. साडीला अडीच हजारांच्या वर तारा. प्रत्येक जुन्या तारेला तिच्या क्रमाचीच नवी तार मिळाली पाहिजे. बोटाला राख लावायची, दोन्ही टोकं चिमटीत धरायची, अंगठ्यानं एक पीळ द्यायचा, मागं मोडून दुसरा द्यायचा. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. हे सगळं आठ-दहा सेकंदांचं काम, आणि ते दिवसभर करायचं. वडगाव-शहापुरात विजेचे माग खडखडायला लागून कित्येक वर्षं झाली, तरी सांधायला माणूस लागतोच. या कामाला सुबराव आणि यल्लाप्पा हे दोघे नावाजलेले. कोण जास्त नावाजलेला, हा प्रश्न गल्लीनं कधीच निकालात काढला आहे. सुबरावांनी नाही.

सुबरावांचा हात बघण्यासारखा आहे. चहाचा कप ते काठोकाठ भरून मागतात आणि ओसरीवरून रस्त्यापर्यंत नेतात, तरी बशी कोरडी राहते. गल्लीतल्या बायका सुई ओवून घ्यायला त्यांच्याकडेच येतात. याउलट यल्लाप्पाला कप दिला तर चहा आधी बशीत, मग सदऱ्यावर आणि उरला तर तोंडात जातो. त्याचा हात तरुणपणापासून थरथरतो. दाढी करायला तो न्हाव्याकडे जातो आणि न्हावी म्हणतो ते बरं करतोस. अशा हाताचा माणूस तंबाखूचा बार भरून, शेजारच्याशी बोलत, तारांकडे धड न बघता ताणा सांधतो आणि त्यात चूक निघत नाही. सुबराव मान खाली घालून, श्वास रोखून सांधतात आणि त्यांच्या ताण्यात दोन-चार तारा फिरलेल्या निघतात. जास्त नाहीत. इतर कुणाहीपेक्षा कमीच. फक्त यल्लाप्पापेक्षा जास्त.

त्यामुळे मागवाले आधी यल्लाप्पाला फोन करतात, आणि तो गुंतलेला असेल तर सुबरावांना. "यल्लाप्पाला सवड न्हाय म्हणून तुमास्नी तरास दिला," असं एका मागवाल्यानं सौजन्यानं सांगितलं होतं. त्या घरचं पाणीही सुबरावांनी पुढं सात वर्षं घेतलं नाही.

मत्सर हा शब्द सुबराव वापरत नाहीत. ते म्हणतात, मला फक्त कळत नाही. पण न कळण्याची यादी मोठी आहे. गल्ली सुबरावांना अहोजाहो करते आणि यल्लाप्पाला अरेतुरे. वरकरणी हा सुबरावांचा मान. पण यल्लाप्पाला अरे म्हणून हाक मारणारी माणसं त्याच्या खांद्यावर हात टाकतात. सुबरावांच्या खांद्यावर गेल्या वीस वर्षांत ताण्याच्या सुताशिवाय काही पडलेलं नाही. यल्लाप्पाची म्हैस दूध जास्त देते. यल्लाप्पाला कानडीत विनोद करता येतात. यल्लाप्पा लग्नात उशिरा जातो आणि तरी त्याला पहिल्या पंगतीत जागा असते. हे सगळं सुबराव पाठ असल्यासारखं सांगतात आणि शेवटी म्हणतात, असू दे, आपल्याला काय करायचंय.

खरं दुखणं मात्र या यादीत नाही. दोघंही सांधायला शिकले ते सुबरावांच्या वडिलांकडे, रवळूआप्पांकडे. रवळूआप्पा देवीच्या मागावर अठरा वर्षं सांधायला बसले होते. ते फार बोलत नसत. एकदा दोन्ही शिकाऊंचे ताणे तपासून त्यांनी यल्लाप्पाच्या ताण्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "ह्याचा हात ऐकतोय." मग उठले आणि जेवायला गेले. आपल्याबद्दलचं वाक्य जेवणानंतर येईल, असं सुबरावांना वाटलं. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. रवळूआप्पा नव्वदाव्या वर्षी गेले, तोवर ते वाक्य आलं नाही.

शेवटच्या दिवशी रवळूआप्पांनी डोळे उघडून विचारलं, "यल्लाप्पा आला का?" यल्लाप्पा चिकोडीला पाहुण्यांकडे गेला होता, तो निरोप मिळताच आला. उशाशी बसून त्यानं म्हाताऱ्याचा हात आपल्या थरथरत्या हातात धरला. सुबराव पाण्याचं भांडं घेऊन उभे होते. दीड तास उभे होते. पाण्याचा एक थेंब सांडला नाही, असं त्यांची बायको मालुबाई सांगते. ती हे कौतुकानं सांगते की कसं, ते समजत नाही.

देवीचा माग देवळामागच्या खोलीत आहे. जमिनीत खड्डा करून बसवलेला जुना हातमाग. पौषातल्या जत्रेला देवीला नेसवायची साडी दरवर्षी त्याच्यावर विणतात. विणून झाली तरी ताण्याचं शेपूट मागावर तसंच ठेवतात आणि पुढच्या वर्षी नवा ताणा त्यालाच सांधतात. माग कधी रिकामा होत नाही. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर देवी आजवर एकच साडी नेसत आली आहे. सांधायला बसतो त्याच्या समोर, माणूस तोच असेल तर मंडळातलं कुणीतरी आणि बदलला असेल तर मागच्या वर्षीचा सांधणारा बसतो आणि नव्या ताण्यातली एकेक तार त्याच्या हातात देतो. सांधलेल्या ताण्याला पुन्हा कात्री लावत नाहीत. तो देवीचा झाला.

रवळूआप्पा थकल्यावर त्या जागी कोण, असं मंडळानं त्यांनाच विचारलं होतं. त्यांनी यल्लाप्पाचं नाव घेतलं. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं सुबराव सांधणीच्या दिवशी देवळात जातात, नारळ देतात, खोलीच्या दारातून आत बघतात आणि बापाच्या जागेवर दुसऱ्याची पाठ बघून घरी येतात. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या उन्हाळ्यातली आहे. त्यानंतर डॉक्टरांनी बारीक काम कमी करायला सांगितलं आहे. म्हणजे बसायचं तर यंदाच.

अशात सुबरावांची पुतणी सौम्या घरी आली. सौम्या फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेते. तिला प्रबंधासाठी बारीक काम करणारे हात मोजायचे होते. सुबरावांनी आपले दिले. मग तिनं आणखी एक हात हवा म्हटल्यावर गल्लीत दुसरं नाव नव्हतं. वीज गेलेली असल्यानं यल्लाप्पा रिकामाच होता, तो हसत आला.

तिनं दोघांच्या बोटांना शेंगदाण्याएवढं यंत्र चिकटवलं. आधी बोट नुसतं स्थिर धरायला लावलं, मग दाबाची चकती दाबायला लावली, मग तारा सांधायला लावल्या. सांधायला एकदा एकटं बसवलं, एकदा दुसऱ्याला समोर बसवून.

काय मोजतेस, असं सुबरावांनी विचारलं तेव्हा तिनं देवळाच्या भोंग्याचं उदाहरण दिलं. भजन सुरू व्हायच्या आधी भोंगा लावला की कुणी बोलत नसतानाही त्यातून खरखर येते. मेंदूकडून बोटाकडे हुकूम जातो, त्यातही तशी खरखर असते. नसांची असते, स्नायूंची असते, कुणी मुद्दाम घातलेली नसते आणि कुणाला पूर्ण काढता येत नाही. ती कधी इकडे ढकलते, कधी तिकडे, तिला नियम नाही. म्हणून तर तीस वर्षं सांधणाऱ्या माणसाचे दोन पीळ कधी हुबेहूब सारखे पडत नाहीत. आणि भोंग्याचा आवाज वाढवला की खरखरही वाढते. तसंच इथं. जेवढा जोर, तेवढी खरखर.

सुबराव सगळं ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष तिच्या लॅपटॉपवरच्या दोन रेघांकडे होतं. एक रेघ शांत होती. दुसरी रानडुकरं गेलेल्या उसासारखी होती.

"शांत कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची. पण आप्पा, ही फक्त बोट स्थिर धरल्याची. सांधतानाची वेगळी आहे, त्यात—"

"माझी शांत हाय न्हवं? त्येच्यापेक्षा?"

"निम्म्याहून कमी."

"लिहून दे."

सौम्यानं दोन कागद छापून दिले. पहिल्यावर बोट स्थिर धरल्याचे आकडे होते. दुसऱ्यावर सांधतानाचे होते आणि खाली तिनं घरच्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या. यल्लाप्पा आपली थरथर थोपवत नाही. तार लांबीत मागेपुढे झाली तर बिघडत नाही, म्हणून तो थरथर त्या अंगाला जाऊ देतो. शेजारच्या तारेकडे गेलं तर बिघडतं, तेवढंच तो राखतो. सुबराव सगळ्याच अंगांनी बोट राखायला जातात, आणि राखण्याचा जो जोर लागतो त्याची खरखर वेगळी पडते. शेवटची ओळ अशी होती: यल्लाप्पा समोर असताना सुबरावांच्या चिमटीचा दाब एकटे असतानाच्या दुप्पट.

पहिला कागद सुबरावांनी त्याच दिवशी लॅमिनेट करून आणला. दुसरा मालुबाईनं फडताळात तिखटाच्या डब्याखाली घातला, पण वाचून घातला. तिनं एकदा विचारलंही, दुसऱ्या कागदात काय हाय बघितलासा का. सुबराव म्हणाले, त्यो गणिताचा हाय.

लॅमिनेट केलेला कागद घेऊन ते आण्णाप्पांकडे गेले. आण्णाप्पांनी तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हाती आकडे, तारीख आणि सही तिन्ही असलेला कागद पडला होता. देवीच्या कामाला माणूस निवडायचा तर काहीतरी निकष हवाच, हे त्यांना तत्क्षणी पटलं. इतकी वर्षं एक म्हातारा सांगून गेला म्हणून काम चाललं होतं, याचं त्यांना आता नवल वाटू लागलं. त्यांनी बैठक बोलावली.

बैठकीसाठी सुबरावांनी चार मुद्दे पाठ केले होते. यल्लाप्पा काय काय आक्षेप घेईल आणि त्याला काय उत्तर द्यायचं, याची उजळणी त्यांनी तीन दिवस मालुबाईपुढे केली. तिला यल्लाप्पा व्हायला सांगितलं होतं आणि ती तो बरा वठवत होती, म्हणून त्यांना तिचाही राग आला होता.

बैठकीत आण्णाप्पांनी कागद वाचून दाखवला. सगळ्यांनी यल्लाप्पाकडे बघितलं. यल्लाप्पानं आपला उजवा हात वर करून सगळ्यांना दाखवला. तो थरथरत होता.

"खरं हाय की," तो म्हणाला. "आमचा माग कायम चालूच. लाईट गेली तरी बंद पडत न्हाय."

सगळे हसले. मग तो म्हणाला की सुबरावअण्णाच बसू दे, रवळूआप्पांची जागा आहे ती, मी समोर बसून तारा देतो. ठराव एकमतानं झाला. सुबराव चारही मुद्दे जसेच्या तसे घरी घेऊन आले. त्यांना हवं ते मिळालं होतं, आणि ते यल्लाप्पानं दिलं होतं. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सांधणीच्या दिवशी देवळाच्या आसपासचे माग बंद ठेवतात. वडगावात शांतता ही इतकी अनोळखी चीज आहे की कुत्रीसुद्धा गोंधळतात. सुबराव नवं धोतर नेसून आले. बापाच्या जागेवर बसायच्या आधी त्यांनी ती जागा हातानं झाडली, खरं तर ती स्वच्छ होती. वाटीतली राख बोटाला लावली. समोर यल्लाप्पा मांडी घालून बसला. दारात बायका उभ्या होत्या, त्यांत मालुबाई आणि सौम्या. आण्णाप्पा दप्तर घेऊन कोपऱ्यात खुर्चीवर.

यल्लाप्पानं पहिली तार दिली. त्याच्या बोटात ती लवलवत होती. सुबरावांनी ती घेतली, जुनीला लावली, पीळ दिला. बरोबर पडला. दुसरी. तिसरी. पन्नासेक तारांपर्यंत सगळं नीट चाललं आणि सुबरावांना वाटलं की हे तर नेहमीसारखंच आहे. मग यल्लाप्पा दारातल्या एका म्हातारीशी तिच्या सांब्रा गावच्या जावयाबद्दल बोलायला लागला. तारांकडे न बघता. त्याची बोटं आपली आपण पुढची तार शोधत होती आणि दर वेळी ती एकच निघत होती. सुबराव ती बोटं बघायला लागले. पन्नास वर्षांत इतक्या जवळून त्यांनी ती बघितली नव्हती. ती थरथरत येत होती आणि तारेशी आली की थरथर कुठंतरी दुसरीकडे जात होती. कुठं जाते ते दिसत नव्हतं. सुबरावांची चिमटी आवळली. एक तार तुटली. तिला सावरून ते पुढं गेले, आणखी एक तुटली.

"बोट सैल सोड की, अण्णा," यल्लाप्पा म्हणाला. "तार हाय ती. म्हस न्हवं दाव्याला धरायला."

दारातल्या बायका हसल्या. मालुबाई हसली नाही. सुबरावांनी बोट आणखी आवळलं.

मग, डाव्या काठाचा रंग संपून साडीचं अंग सुरू झालं होतं तिथं, त्यांच्या अंगठ्याखाली काहीतरी जाड लागलं.

लागलं की नाही, याचीही त्यांना खात्री नव्हती. इतकं दाबल्यावर बोटाला काही कळत नाही. एक तार आहे की दोन, हे बघायला पीळ उलगडावा लागला असता. म्हणजे यल्लाप्पाच्या डोळ्यांपुढं, सांधायला बसून अर्धा तास व्हायच्या आत, आपला पीळ आपणच उलगडायचा. सुबरावांनी वर बघितलं. यल्लाप्पा त्यांच्याकडेच बघत होता. त्यांनी पीळ पक्का केला आणि पुढच्या तारेसाठी हात पुढं केला.

त्यानंतर दिवसभर त्यांच्या हातून मोठी चूक झाली नाही. दुपारी भाकरी खाऊन पुन्हा बसले. यल्लाप्पाच्या बोलण्यात सांब्र्याचा जावई संपून कंग्राळीतलं कुणाचं तरी लग्न सुरू झालं होतं. दिवेलागणीच्या सुमाराला नव्या ताण्यातली शेवटची तार आली. सुबरावांनी ती सांधली आणि हात खाली घेतला. उजव्या काठाला जुन्या ताण्याची एक तार एकटीच लोंबत होती. तिला जोडीदार नव्हता.

विणकरांना हे सांगावं लागत नाही. जुनी एक उरली, म्हणजे कुठंतरी एकीच्या गळ्यात दोन पडल्या, आणि तिथून पुढच्या सगळ्या एका घरानं सरकल्या. आण्णाप्पांनी चष्मा पुसला. शास्त्रीय पद्धतीनं निवडलेल्या माणसाच्या हातून असं होण्याची तरतूद ठरावात नव्हती. त्यांनी सौम्याकडे बघून विचारलं की चूक कुणाच्या हाताची, हे तुझ्या यंत्रानं सांगता येईल का. ती म्हणाली की यंत्र लावलं असतं तरी सांगता आलं नसतं. देणाऱ्याच्या बोटातली खरखर आणि घेणाऱ्याच्या बोटातली खरखर, दोन्ही एका क्षणाला कुठं वळल्या ते मागाहून वेगळं काढता येत नाही.

तेव्हा यल्लाप्पा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"चूक माझी," तो म्हणाला. "दोन तारा मीच एका बारीला दिलो. हात बघतायसा न्हवं माझा? अण्णाचं काय न्हाय त्यात."

दारातून कौतुकाची कुजबुज आली. एक म्हातारी म्हणाली, मन मोठं हाय बघ पोराचं. यल्लाप्पा बासष्ट वर्षांचा आहे. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आण्णाप्पांनी सुटल्यासारखं पेन उघडलं. सुबराव बापाच्या जागेवर बसून हे सगळं बघत होते. सकाळपासून ते बसले होते, पाठ मोडली होती, आणि तरी आज देवळातून लोक घरी जाणार होते ते यल्लाप्पाचं नाव घेत. जागा त्यानं दिली होती. आता चूकही तोच घेऊन चालला होता.

"तुझी न्हवं ती," सुबराव म्हणाले.

"असू दे की, अण्णा. उगं कशाला—"

"तुझी न्हवं. माझी हाय." सुबराव उठून उभे राहिले. "मला अंगठ्याला जाड लागलं हुतं. काठ संपला तितं. मी उलगडलो न्हाय. ह्यो समोर बघत हुता म्हणून उलगडलो न्हाय. आण्णाप्पा, माझ्या नावावर लिहा."

त्यांनी वाकून डाव्या काठापासून चार बोटं मोजली आणि एका तारेवर नख ठेवलं. तिथं दोन होत्या. संपूर्ण आयुष्यात सुबरावांनी एखादी चूक इतकी अचूक दाखवल्याचं कुणाला आठवत नाही. नख ठेवलेला हात मात्र थरथरत होता. सौम्यानं तो बघितला, पण यंत्र तिच्याजवळ नव्हतं.

आण्णाप्पांनी दोघांनाही खाली बसायला सांगितलं. दप्तरात चुकीचा रकाना होता, पण एकाच चुकीवर दोन दावेदार आल्यावर काय करायचं, याचा नियम नव्हता. त्यांनी प्रकरण विचाराधीन ठेवलं. ताण्याला कात्री लावायची नाही, म्हणून ताणा तसाच राहिला.

माणसं पांगल्यावर दोघं देवळाच्या पायरीवर बसले. कुणीतरी चहा आणून दिला. सुबरावांनी कप काठोकाठ भरलेला नाही, अशी तक्रार त्या दिवशी केली नाही. कप खाली ठेवून यल्लाप्पा म्हणाला, "मला बी कळलं हुतं. देतानाच. दोन हाईत म्हणून."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू किती आवळून धरलंतंस, अण्णा. म्हटलं, आता बोललो तर तार न्हाय, तूच तुटशील."

दोन तारा बोटांत आल्या की न बघता कळतं, आणि समोरचा माणूस कुठं तुटायला आलाय तेही कळतं. हात ऐकतोय असं बाप म्हणाला होता ते हेच की काय, असं सुबरावांच्या मनात आलं असेल. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन त्यांनी मालुबाईला एवढंच विचारलं की तिखटाच्या डब्याखालचा तो गणिताचा कागद कुठं आहे. कागदाला तेल लागून तो पारदर्शक झाला होता, पण वाचता येत होता. त्यांनी तो उभ्यानं दोनदा वाचला. मग म्हणाले, "दुप्पटच? मला वाटलं तिप्पट असंल."

लॅमिनेट केलेला कागद भिंतीवर आहे तिथंच आहे. यल्लाप्पाबद्दल सुबराव अजूनही म्हणतात की मला फक्त कळत नाही. यादीत एक भर पडली आहे: त्याला कळलेलं असतं आणि तो बोलत नाही. पुढच्या वर्षी, डोळ्याच्या ऑपरेशननंतर, बापाच्या जागेवर पुन्हा यल्लाप्पा बसेल; नियमाप्रमाणे मागच्या वर्षीचा सांधणारा म्हणून सुबराव समोर बसतील आणि यल्लाप्पाच्या हातात एकेक तार देतील. त्यासाठी ते आतापासून घरी सरावाला बसतात. तार सोडताना बोट सैल ठेवायचं. मालुबाई समोर बसते. ती यल्लाप्पा होते.

जत्रेला देवीला साडी नेसवली. हिरव्या काठाची, अंजिरी अंगाची, लोकांना आवडली. मंडळाच्या दप्तरी आण्णाप्पांनी जत्रेनंतर केलेली नोंद अशी आहे: चालू वर्षी देवीच्या ताण्याची सांधणी प्रमाणपत्रधारक इसमाच्या हस्ते शास्त्रीय निकषांनुसार विधिवत पार पडली, तपासणीअंती कामात कोणताही दोष आढळून आला नाही, सबब हीच निवडपद्धत यापुढे कायम करण्यात येत आहे.

डाव्या काठापासून चार बोटांवर दोन तारा एकाच जागी आहेत.